वाकलेली एअर रायफलची नळी घरच्या घरी सरळ करणे : मोजमाप, जिग आणि होणाऱ्या चुका

लेथवाला

नळी मोडून छर्रा भरायच्या स्प्रिंगच्या रायफलींबद्दल (ब्रेक-बॅरल) हा धागा आहे. पीसीपी (आधी भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या) आणि १० मीटर मॅचच्या रायफलींना यातलं काहीही लावू नका, त्यांच्या नळीला घरी हात लावायचा नसतो.

आधी नळी वाकते कशी ते बघू, कारण ती कुठे आणि कोणत्या दिशेला वाकली असेल हे त्यावरूनच कळतं. रायफल कॉक केलेली आहे (म्हणजे स्प्रिंग दाबून अडकवलेली), नळी खाली मोडलेली आहे आणि चाप ओढला गेला. दट्ट्या सुटून पुढे धावतो आणि कॉकिंगचा दांडा नळीला झटक्यात वर खेचतो. ब्रीच ब्लॉक (नळी ज्यात बसवलेली असते तो मागचा ठोकळा) सिलिंडरवर आदळून थांबतो, पण नळीचं तोंड त्याच वेगात वर जात राहतं. म्हणून बाक बहुतेक वेळा ब्लॉकच्या लगेच पुढे, पहिल्या ५ ते ८ सेंमीत आणि वरच्या दिशेला पडतो. त्या झटक्यात अंगठा मध्ये असेल तर तो जातो. छर्रा भरताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरायची, हा नियम याचसाठी आहे.

आता महत्त्वाचं. "नेम वर जातोय" म्हणून दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक रायफलची नळी वाकलेली नसते. व्हाइसकडे वळण्याआधी हे तपासा:

दस्त्याचे पुढचे दोन आणि चापाजवळचा एक स्क्रू. स्प्रिंगच्या रायफलीत हे सैल होतातच.

नळी बंद करून तोंडाशी डावीकडे-उजवीकडे हलवा. जरा जरी खेळ जाणवला तर पिव्हट बोल्ट सैल आहे किंवा त्याचे वॉशर झिजलेत.

स्कोपचा माउंट मागे सरकलाय का? रेलवर पेन्सिलीची रेघ मारून १० छर्रे मारा, लगेच दिसतं.

ब्रीचचं सील. नवं सील जास्त जाड बसलं तर नळी पूर्ण मिटत नाही, तोंड खाली राहतं आणि नेम खाली जातो. ही वाकलेली नळी नव्हे.

नळीच्या तोंडाची कड. तिला टवका गेला असेल तर छर्रे विखुरतात. वाकलेल्या नळीचे छर्रे एका जागी पडतात, फक्त ती जागा चुकीची असते.

शेवटचा मुद्दा नीट समजून घ्या. हलका, सलग बाक असलेली नळीसुद्धा छान गट (एका जागी पडलेल्या छर्ऱ्यांचा पुंजका) देते. छर्रा मऊ शिशाचा असतो, तो नळीच्या मागोमाग जातो. गट फाटला असेल तर नळी सरळ करून तो जुळणार नाही.

एवढं करूनही नेम वरच असेल तर नळी उतरवा. रायफल कॉक नाही आणि नळीत छर्रा नाही याची खात्री करून ॲक्शन दस्त्यातून काढा आणि पिव्हट बोल्ट काढा. कॉक नसताना दट्ट्या पुढे टेकलेला असतो, त्यामुळे नळीवर स्प्रिंगचा जोर नसतो. दांडा खाचेतून सोडवला की नळी ब्लॉकसकट हातात येते. दोन्ही बाजूंचे पातळ वॉशर कोणत्या बाजूचे ते लिहून ठेवा. सिलिंडरचा मागचा ब्लॉक मात्र उघडू नका. तिथे स्प्रिंग आधीपासून दाबून बसवलेली असते आणि या कामासाठी तो उघडायची गरजच नाही.

नळीतून उजेडाकडे बघा. जवळचं वर्तुळ आणि पलीकडचं वर्तुळ एकमेकांच्या बरोबर मध्ये दिसलं पाहिजे. नळी वाकली असेल तर पलीकडचं भोक एका बाजूला सरकलेलं दिसतं आणि आतल्या प्रकाशाची कडी एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला विरळ होतात. नळी सावकाश फिरवत बघा, दोष नळीबरोबर फिरेल.

मग मोजमाप. स्टीलची ३० सेंमीची पट्टी नळीच्या वरच्या बाजूला लावा आणि मागे ट्यूबलाइट ठेवा. जिथे फट सर्वात मोठी दिसेल तो बाकाचा मध्य. तिथे मार्करने रेघ मारून नळीभोवती पूर्ण फिरवा.

छर्रा४५

लेथवाला दादा, उत्तम धागा. एक केस मांडतो, कारण आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. १० मीटर अंतर. सिलिंडरवर स्कोप लावला की गट खुणेच्या ११ सेंमी वर. स्कोप उतरवून साध्या माशीने (नळीच्या तोंडावरची पुढची साइट) मारलं तर जेमतेम दीड सेंमी वर. नळी तीच, छर्रे तेच. मग वाकलंय काय, नळी की रेल?

नळी उतरवून बघितली तर पलीकडचं भोक स्पष्टपणे वर सरकलेलं आहे. बाकाचा मध्य मागच्या साइटच्या ६ सेंमी पुढे, मागच्या साइटपासून माशीपर्यंत ४२ सेंमी, आणि बाकापासून तोंडापर्यंत ३८ सेंमी.

काटकोन

तुमचे दोन्ही आकडे बरोबर आहेत. एक नळीच दोन्हींचा हिशेब देते.

१० मीटरवर ११ सेंमी म्हणजे १००० ला ११ चा कोन. स्कोप सिलिंडरवर बसलाय, त्याला नळीच्या बाकाशी काही देणंघेणं नाही. त्यामुळे स्कोपला पूर्ण ११ सेंमी दिसतात.

साध्या साइटचं वेगळं आहे. मागची साइट ब्लॉकवर आणि माशी नळीच्या तोंडावर. नळी वर वाकली तशी माशीही वर गेली. तुम्ही माशी खाचेत बसवता तेव्हा नकळत तोंड तेवढं खाली घेता, म्हणजे बहुतेक चूक साइटच पोटात घेते. बाहेर उरते ती फक्त मागची साइट ते बाक या अंतराच्या प्रमाणात: ६ भागिले ४२ गुणिले ११, बरोबर १.६ सेंमी. तुमचा "जेमतेम दीड".

म्हणूनच पुष्कळ जुन्या रायफली वर्षानुवर्षं वाकलेल्या नळीनेच वापरल्या जातात आणि कोणाला पत्ता लागत नाही. स्कोप लावल्या दिवशी दोष उघडा पडतो आणि बोल स्कोपला बसतो.

सरळ किती करायचं तेही यातूनच निघतं. नळीचं तोंड खाली यायला हवं ते ३८० मिमी गुणिले ०.०११, म्हणजे ४.२ मिमी. मोजायचा आकडा हाच. लक्ष्यावरचे सेंमी डोक्यात ठेवून नळी वाकवत बसू नका.

एक सूचना. १० मीटरचं मॅच कार्ड ८० मिमी चौरस असतं, ११ सेंमी वर मारलं तर छर्रा कार्डाबाहेर पडेल. मागे पूर्ण चार्ट पेपर लावा. मॅच कार्ड मात्र शेवटच्या तपासणीला फार सोयीचं, कारण त्याची प्रत्येक रिंग २.५ मिमी रुंद असते आणि मोजपट्टी लागत नाही.

सह्यकडा

गावाकडे नळी झाडाच्या बेचक्यात घालून दाबतात. दोन मिनिटांत काम होतं. एवढी तयारी कशाला?

लेथवाला

बेचक्यात नळी वाकते हे खरं, पण कुठे वाकेल ते झाड ठरवतं. मूळ बाक ब्लॉकपासून ६ सेंमीवर असेल आणि तुम्ही बेचक्यात २० सेंमीवर पकडलं तर जुना बाक तसाच राहतो आणि त्याच्यापुढे उलटा बाक तयार होतो. नळी इंग्रजी एस अक्षरासारखी होते. नेम कदाचित जागेवर येईल, पण छर्रा दोन वळणं घेत जाईल. आणि पुढच्या वेळी कोणी उजेडात बघून सरळ करायला गेलं तर त्याला एका नळीवर दोन दुरुस्त्या कराव्या लागतील. सालीत अडकलेल्या वाळूच्या कणाने ब्लूइंगवर (पोलादाच्या काळसर-निळ्या थरावर) उठणारे ओरखडे वेगळेच.

तसाच दुसरा प्रकार म्हणजे नळी रायफलीवर तशीच ठेवून तोंड टेबलाच्या कडेवर दाबणं. त्यात सगळा जोर पिव्हटवर आणि सिलिंडरच्या दोन कानांवर जातो. नळी सरळ होण्याआधी कान फाकतात. मग नळी उरते सरळ आणि रायफल मिटेनाशी होते.

बाक जिथे आहे तिथेच, नळी उतरवून, तीन बिंदूंवर दाब. मी सुचवतो ती जिग (नळी धरून दाबायचा साचा) अशी:

७५ मिमीचं सी-चॅनेल, ३५ सेंमी लांब. भंगारात मिळतं. चॅनेलच्या पाठीवर मधोमध भोक पाडून एम१६ ची नट वेल्ड करून घ्या. त्यातून एम१६ बोल्ट वर येईल. त्याच्या टोकावर नळीच्या गोलाईचं खोबण केलेला पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा बसवा. मध्यापासून दोन्ही बाजूंना १० सेंमीवर पाइपाचे यू-बोल्ट, पाऊण इंची पाइपाचे, एम१० आट्यांचे. नळी या दोन यू-बोल्टमधून जाते आणि मधला बोल्ट तिला खालून वर ढकलतो. यू-बोल्टच्या आत बाभळीचा किंवा शिसवीचा अर्धगोल तुकडा, निदान २० मिमी रुंद. सागवान दबतं. सायकलच्या ट्यूबचा थर चालत नाही, रबर दबत राहतं आणि नळी किती हलली तेच कळत नाही.

दिशा चुकू नका. नळी वर वाकलेली आहे म्हणजे बाकाचं पोट खाली आहे. बोल्टने त्या पोटावर दाबायचं आणि यू-बोल्टने वरून धरायचं. नळीच्या वरच्या बाजूला चुन्याने "वर" असं लिहून मगच जिगमध्ये घाला. उलटी घातली की बाक दुप्पट.

यील्ड

जिगचे आकडे देतो म्हणजे किती फिरवायचं याचा अंदाज येईल.

नळी बाहेरून १६ मिमी, आतून ४.५ मिमी, कोल्ड-ड्रॉन साधं पोलाद, यील्ड (पोलाद कायमचं वाकायला लागतं तो ताण) ४०० मेगापास्कल धरली आहे. आधार २० सेंमी अंतरावर. नळी कायमची वाकायला लागायच्या आधी मध्यावर ०.८ मिमी लवचिकपणे वाकते. तोपर्यंत जोर काढला की ती जशीच्या तशी परत येते. त्या क्षणी मध्यावरचा जोर साधारण ३३० किलो असतो. एम१६ बोल्टला आणि एम१० यू-बोल्टला हे सहज पेलतं.

एम१६ ची नेहमीची पिच २ मिमी. एक आठवा फेरा म्हणजे पाव मिमी. बोल्ट नुसता टेकल्यापासून तीन आठव्या फेऱ्यापर्यंत नळीवर काहीच कायमचं घडत नाही. प्रत्यक्षात लाकूड दबतं, चॅनेल थोडं झुकतं, त्यामुळे हा "कोरडा" भाग याहून मोठा येतो. म्हणून बोल्टच्या फेऱ्यांवर विसंबू नका. डायल गेजचं (मिमीचे शतांश दाखवणाऱ्या मोजमापाच्या घड्याळाचं) टोक नळीच्या वरच्या बाजूला, बोल्टच्या बरोबर समोर टेकवा आणि तिकडचा आकडा वाचा.

कायमची किती हालचाल हवी? मध्यावरचा आकडा म्हणजे कोन गुणिले आधारांमधलं अंतर, भागिले चार. छर्रा४५ यांच्या नळीला ०.०११ गुणिले २०० भागिले ४, म्हणजे ०.५५ मिमी. तोंडाशी ४.२ मिमी आणि बाकाशी फक्त अर्धा मिमी. डायल गेज का हवं ते यात आलं.

बाक दोन आधारांच्या बरोबर मध्ये नसेल तर भागिले चार चालत नाही. एका आधारापासून ६ आणि दुसऱ्यापासून १४ सेंमीवर असेल तर ६० गुणिले १४० भागिले २०० करा, ४२ मिमी येतात, त्याला कोनाने गुणा: ०.४६ मिमी.

फिटर_आण्णा

आकडे बरोबर आहेत. आता हाताने काम कसं करायचं ते लिहितो.

पहिला दाब मुद्दाम कमी द्या. डायलवर १.० मिमीपर्यंत न्या, १० सेकंद थांबा, बोल्ट पूर्ण सैल करा आणि डायल शून्यावर परत येतोय का बघा. ०.०५ उरला तर पोलाद कुठून सरकायला लागतं ते कळलं. मग १.१, १.२, १.३ असं एकेक दशांश पुढे. प्रत्येक वेळी पूर्ण सोडून वाचायचं. एकदा पोलाद सरकायला लागलं की पुढचा प्रत्येक दशांश आधीच्यापेक्षा जास्त कायमचा उरतो. शेवटी घाई करणारे इथेच पलीकडे जातात.

हव्या आकड्याच्या ८० टक्क्यांवर थांबा. नळी काढा, उजेडात बघा, रायफलवर चढवून पाच छर्रे मारा. मग पुढचं.

पलीकडे गेलात तर? नळी उलटी करून परत आणता येते, पण लक्षात ठेवा, एका दिशेने ताणलेलं पोलाद उलट दिशेला जरा लवकर सरकतं. म्हणून परत आणताना पहिला दाब १.० नाही, ०.७ पासून सुरू करा. आणि सारखं पुढे-मागे करत राहू नका. दोन-तीन वेळा चालतं, दहा वेळा नाही.

बाकाच्या जागी नळीचा गोल बिघडलाय का तेही बघा. व्हर्नियरने उभा आणि आडवा व्यास घ्या. ०.०५ मिमीहून जास्त फरक आला तर नळी नुसती वाकलेली नाही, दबलेली आहे. खात्री करायला तेलाचा एक थेंब लावलेला छर्रा सफाईच्या काठीने हळूहळू आतून ढकला. चांगल्या नळीत जोर एकसारखा लागतो. बाकाशी काठी अडकून मग एकदम सुटली तर ती नळी सरळ होईल, पण गट पूर्वीसारखा देणार नाही. तिथे नवी नळी घेणं शहाणपणाचं.

चुलीवरचा_चहा

गरम करून वाकवली तर जोर कमी लागेल ना? गॅसचा टॉर्च घरात आहे.

फिटर_आण्णा

नको. तीन कारणं.

जोर खरोखर कमी व्हायचा तर नळी लाल करावी लागेल. तेवढ्या उष्णतेने आत पपडी धरते आणि नळीतले आटे (रायफलिंग) खरवडले जातात. ४.५ मिमीच्या भोकातली पपडी घरी निघत नाही.

त्याहून कमी, ३०० अंशांच्या आसपास तापवलंत तर जोरात फारसा फरक पडत नाही, पण ब्लूइंगचा रंग पट्ट्यापट्ट्याने बदलतो.

आणि बाक ब्लॉकच्या जवळ असतो. ब्लॉकमध्ये नळी दाबून आणि पिन घालून बसवलेली असते, सील तिथेच आहे. काही रायफलींची माशी झाळलेली असते, ती खाली पडेल.

थंड पोलाद हाताला प्रत्येक वेळी तोच जोर सांगतं, गरम झालेलं सांगत नाही.

छर्रा४५

नळीवर एक अडचण आहे. बाक ब्लॉकपासून ३ सेंमीवर आहे. मागचा यू-बोल्ट बसवायला तिथे नळीच नाही, लगेच ब्लॉक सुरू होतो.

लेथवाला

ही नेहमीची अडचण, आणि बहुतेक जण इथेच ब्लॉक व्हाइसमध्ये पकडून नळी दांड्यासारखी दाबतात. ते करू नका. नळी ब्लॉकमध्ये दाबून बसवलेली असते, तो सांधा सैल झाला तर दुरुस्तीच संपली.

मागचा आधार ब्लॉकवरच घ्या, पण पकडायचा नाही, फक्त टेकवायचा. यू-बोल्टऐवजी चॅनेलवर चौकोनी पूल करा: १२ मिमी जाड, ४० मिमी रुंद पट्टी आणि तिला दोन एम१० बोल्ट. ब्लॉकच्या वरच्या सपाट बाजूवर बाभळीचा तुकडा, त्यावर ही पट्टी. पिव्हटच्या भोकावर आणि ब्रीचच्या तोंडावर काही टेकता कामा नये. पुढचा यू-बोल्ट बाकापासून १४-१५ सेंमीवर घ्या, म्हणजे जोर फार वाढत नाही. मग यील्ड यांचा दुसरा हिशेब लावा, मध्यावर नसलेल्या बाकाचा.

पाना फिरवण्याआधी ब्लॉक आणि नळीच्या सांध्यावर ब्लेडने बारीक रेघ ओढा, अर्धी ब्लॉकवर, अर्धी नळीवर. काम झाल्यावर रेघ तुटलेली दिसली तर सांधा फिरलाय.

काटकोन

बेंच व्हाइसच्या जबड्यात तीन लाकडी ठोकळे घालून हेच करता येतं. ६ इंची व्हाइसमध्ये आधार १३ सेंमीवर बसतात. पण यील्ड यांच्याच हिशेबाने तिथे जोर ५०० किलोवर जातो आणि लवचिक हालचाल ०.३४ मिमीवर येते. व्हाइसचे आटे जाड असतात, पाव फेऱ्यात मिलिमीटरभर पुढे जातात. इतक्या कमी अंतरात तो आवरत नाही. ज्यांना जिग करणं शक्य नाही त्यांनी व्हाइसच्या दांड्याला अर्धा मीटरचा पाइप लावून हळूहळू फिरवावं आणि डायल लावल्याशिवाय अजिबात नको.

धूळपाटी

हल्लीच्या काही रायफलींची जाड दिसणारी नळी खरी जाड नसते. बाहेर प्लास्टिकचं किंवा ॲल्युमिनियमचं आवरण आणि आत १० ते ११ मिमीची पोलादी नळी. त्यांना हेच लागू होतं का?

यील्ड

पद्धत तीच, आकडे वेगळे. आवरण आधी उतरवाच. आवरणावर दाबलंत तर ते फुटेल किंवा आत नळी भलत्याच जागी वाकेल.

११ मिमी नळीला २० सेंमी आधारांवर जोर फक्त १०५ किलोच्या आसपास लागतो, म्हणजे १६ मिमीच्या एक तृतीयांशाहून कमी. आणि लवचिक हालचाल ०.८ वरून १.२ मिमीवर जाते. जाड नळीच्या सवयीने फिरवलं तर हाताला "अजून काहीच होत नाही" असं वाटत राहतं आणि पुढच्या पाव फेऱ्यात ती एकदम जाते. पातळ नळी सोपी वाटते, पण चुकते तीच जास्त.

वाऱ्याचा_नेम

नेम वर आणि थोडा उजवीकडेही जात असेल तर दोन वेळा सरळ करायची का?

लेथवाला

नाही, एकाच वेळी. बाक एकच असतो, फक्त तिरका. व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) नळी ठेवा, ब्रीच ब्लॉक टेबलाच्या कडेबाहेर लोंबता ठेवा म्हणजे फिरवता येईल. तोंडाशी डायल लावा आणि नळी सावकाश फिरवा. सर्वात मोठा आकडा येईल तिथे खूण करा. घड्याळात १ वाजता वगैरे जिथे कुठे येईल, त्याच्या समोरच्या बाजूला बोल्ट टेकवायचा. सर्वात मोठा आणि सर्वात लहान आकडा यांच्यातल्या फरकाचा अर्धा म्हणजे तोंडाचा खरा बाक. पूर्ण फरक धरून काम केलंत तर दुप्पट वाकवाल.

दोन गोष्टी जपा. निमुळती नळी असेल तर डायल एकाच जागी राहू द्या, पुढे-मागे सरकवू नका. आणि बाहेरचा गोल व आतलं भोक काही नळ्यांत एककेंद्री नसतात. बाहेरून तंतोतंत सरळ आणि उजेडात बघितलं तर भोक तिरकं, असं दिसलं तर भोकावर विश्वास ठेवा. छर्रा भोकातून जातो.

नळी वर न जाता नुसती बाजूला जात असेल तर मात्र आधी पिव्हटचे वॉशर परत बघा. उघड्या नळीचा झटका बाजूला मारत नाही. बाजूचा बाक रायफल पडल्याने किंवा गाडीच्या डिकीत दबल्याने येतो, आणि तो बऱ्याचदा तोंडाकडच्या भागात असतो.

सह्यकडा

धन्यवाद, बेचक्याचा विचार सोडला. नेम खाली जाणाऱ्या रायफलीचं काय? स्कोपची घुंडी पूर्ण वर केली तरी ४ सेंमी खाली.

काटकोन

ती वाकलेली समजू नका. ब्रेक-बॅरलमध्ये नळी थोडी खाली झुकलेली असणं इतकं सर्रास आहे की डायनासारख्या जर्मन रायफलींसाठी खास उतरते स्कोप माउंट मिळतात. साध्या साइटने ती रायफल व्यवस्थित मारते, कारण माशी त्याच नळीवर आहे. उजेडात बघा. भोक सरळ असेल तर नळीला हात लावू नका, माउंट बदला. किंवा मागच्या रिंगेखाली शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घाला, पण ०.३ मिमीच्या वर नको, स्कोपची नळी मुरडते. रिंगांमध्ये १० सेंमी अंतर असेल तर ०.३ मिमीने १० मीटरवर ३ सेंमी फरक पडतो. उरलेला एक सेंमी घुंडीत मिळणार नाही, ती आधीच पूर्ण वर आहे; त्यासाठी माउंटच बदलावा लागेल.

सिलिंडर वाकणं जवळपास अशक्य, पण ब्रीचच्या तोंडावर झटक्याचा मार बसलेला असू शकतो. ज्यांची रायफल उघडी सुटली होती त्यांनी नळी मिटून सिगरेटच्या कागदाची पट्टी ब्रीचभोवती चारी बाजूंनी घालून ओढून बघावी. वर घट्ट आणि खाली सहज निघत असेल तर नळी सरळ करूनही नेम जागेवर यायचा नाही. आधी तो ठोका कानशीने काढा.

फिटर_आण्णा

काटकोन यांनी बरोबर आठवण केली. उघडी सुटलेली रायफल दस्त्याच्या मानेशीही तडकते. चापाच्या मागे, मूठ धरतो तिथे, लाकडाच्या रेषेच्या दिशेने केसासारखी रेघ बघा. अंगठ्याने दाबून पिळलं की ती उघडते. इपॉक्सी आत जाण्याइतकी ती उघडी धरून, भरून, रात्रभर सी-क्लॅम्पमध्ये ठेवायची. कॉकिंगचा दांडाही सपाट काचेवर ठेवून बघा, तो बहुतेक वेळा नळीबरोबरच थोडा वाकतो आणि मग सिलिंडरच्या खाचेला घासत राहतो.

जोडताना पिव्हटला मोलिब्डेनमचं ग्रीस, तांदळाच्या दाण्याएवढं. सिलिंडरच्या आत तेलाचा थेंबही नको, दट्ट्याच्या दाबाने ते पेटतं. पिव्हट बोल्ट इतका आवळा की कॉक न करता नळी मोडून धरली तर ती स्वतःच्या वजनाने पडू नये, पण हाताने सहज हलावी.

छर्रा४५

काम पूर्ण झालं. आकडे मांडतो, कोणाला उपयोगी पडतील.

मागचा आधार ब्लॉकवर, पुढचा १५ सेंमीवर, लेथवाला दादांच्या पुलासह. ब्लॉकवरचा टेकू बाकाच्या ५ सेंमी मागे, म्हणजे ५० गुणिले १५० भागिले २००, ३७.५ मिमी. त्याला ०.०११ ने गुणून ०.४१ मिमी हवे होते. डायलवर १.० ला काही उरलं नाही. १.२ ला ०.०४, १.४ ला ०.१३, १.५ ला ०.२१, १.६ ला ०.३२ उरला. तिथे थांबून नळी चढवली. स्कोपने १० मीटरवर २.५ सेंमी वर. परत जिगमध्ये घालून १.७ पर्यंत, एकूण ०.४० उरला. आता स्कोपची घुंडी मध्यावर असताना ३ मिमी वर, म्हणजे मॅच कार्डावर एक रिंग आणि थोडं. तिथे सोडून दिलं. सांध्यावरची ब्लेडची रेघ जुळलेली आहे. 

व्यास उभा १५.९८, आडवा १६.००. छर्रा काठीने एकसारखा जातो.

लेथवाला

०.३२ ला थांबलात ते उत्तम केलंत. तिथे अजून दोन दशांश दिले असते तर नेम खाली गेला असता.

१०० छर्रे झाले की पुन्हा एकदा गट घेऊन बघा. नळी परत वाकत नाही, पण नवे घातलेले वॉशर आणि दस्त्याचे स्क्रू तेवढ्यात बसतात. आणि तपासणीसाठी छर्रे पकडायची पेटी लोखंडी पत्र्याची सपाट ठेवू नका, छर्रा उलटून येतो. १८ मिमी प्लायची पेटी, आत जुने कपडे घट्ट कोंबलेले, डोळ्याला चष्मा, नंतर हात साबणाने. शिसं आहे ते.

यील्ड

एक पुरवणी, कारण काहींनी खासगीत विचारलं. नळी सरळ करताना जोडीला जोरदार स्प्रिंग घालू नका. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवान्याशिवायची सूट ४.५ मिमी आणि २० ज्यूलपर्यंतच आहे, त्याच्या वर गेलात तर परवाना लागतो. आणि वाकलेल्या नळीची रायफल मूळच्याच स्प्रिंगवर तपासली तरच आधीचे आणि नंतरचे आकडे जुळवून बघता येतात.

वाऱ्याचा_नेम

व्ही-ब्लॉकवर मोजलं. मोठा आकडा २.९, लहान ०.३. म्हणजे बाक १.३ मिमी, घड्याळात १ वाजता, ब्लॉकपासून २२ सेंमीवर. बाक मधोमध असल्याने साधे दोन यू-बोल्ट बसतात. रविवारी चॅनेल वेल्ड करून घेतो.

फिटर_आण्णा

२२ सेंमीवर म्हणजे झटक्याचा नाही, पडल्याचा बाक आहे. बोल्ट ७ वाजताच्या बाजूला. आणि माशी नळीवर घट्ट आहे का ते आधी बघा. पडलेल्या रायफलीची माशीही फिरलेली असते. ती फिरलेली असेल तर साध्या साइटने दिसणारा "उजवीकडे" हा नळीचा नाही, माशीचा.